ग्रीसला महिनाभर मुक्काम: तळ्याकाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं एकोणतीस दिवस ग्रीसला राहून आलो. तेव्हापासून ठाण्यातल्या कचराळी तलावाला सकाळच्या दोन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत तिघं-चौघं तरी थांबवून तेच ते विचारतात. नेरुळहून नणंद फोनवर विचारते ते वेगळंच. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी एकतीस वर्षं बँकेत होते, त्यामुळे पैशांचं जरा जास्त आलंय. ह्यांचा डावा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे पायऱ्यांचंही.

ऊन तर ठाण्यातही आहे. मग ग्रीसच का?

ऊन आहे हो, पण घाम किती! अथेन्समध्ये वर्षभरात जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैतल्या दोन-तीन धुवांधार दिवसांतच तेवढा होऊन जातो. ऑक्टोबरात तिथे हवा कोरडी असते. धुतलेला शर्ट दोन तासांत वाळतो आणि चार किलोमीटर चाललं तरी पाठ ओली होत नाही.

दुसरं कारण जुन्या दगडांचं. मला शाळेपासून ते वेड. आणि ग्रीक काही आपल्याला परके नाहीत. पहिल्या शतकात एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. त्यात आपलं कल्याण आहे, सोपारा आहे, चौल आहे. कल्याणला ग्रीक जहाज चुकून लागलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही त्याने नोंदवलीय. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवरचे लेख वाचलेत तर दान देणाऱ्यांत ‘यवन’, म्हणजे ग्रीक, सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वी ते इकडे येऊन गेले, आम्ही परतभेट द्यायला जरा उशीर केला इतकंच.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा अथेन्सची ॲक्रोपोलिस, म्हणजे जुन्या देवळांची टेकडी, भर दुपारी चक्क बंद ठेवतात, २०२३च्या जुलैत तसंच झालं होतं. ‘मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ’ म्हणणाऱ्यांचं जमून जातं. ‘दिवाळीनंतर निवांत जाऊ’ म्हणणाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्या: तिकडचा पावसाळा हिवाळ्यात येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात छत्री लागते, बेटांवरची निम्मी हॉटेलं कुलूपबंद असतात आणि वारा सुटला की बोटी रद्द होतात.

व्हिसा मिळतो का? किती दिवसांचा?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. फी ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं शुल्क. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान दोन महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळच मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा.

आमच्या बाबतीत कामाला आल्या त्या दोन गोष्टी: पेन्शन जमा होत असलेल्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि कुठल्या तारखेला कुठे राहणार याचा साधा एक पानी तक्ता. मुदत ठेवींच्या पावत्यांची चळत नेली होती. ती कुणी उघडूनही बघितली नाही. तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसा नीट वापरला असेल, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, २०२४पासून भारतीयांसाठी ही सोय झाली आहे.

टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

आम्ही दोन्ही केलंय. पहिल्यांदा गेलो ते एका टूर कंपनीबरोबर. सात दिवसांत अथेन्स आणि तीन बेटं. त्या सहलीतलं मला काय आठवतं? पहाटे साडेचारला हॉटेलच्या दारात ओळीने लावलेल्या बॅगा आणि बसमध्ये रोज नव्याने होणारी शिरगणती. डेल्फीच्या प्राचीन देवस्थानाला पन्नास मिनिटं मिळाली, त्यातली वीस प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली. जेवण मात्र रोज वेळेवर आणि भारतीय. ज्यांना पनीर महत्त्वाचं, त्यांनी खुशाल जावं.

म्हणून दुसऱ्यांदा ठरवलं: सहल नको, मुक्काम. एक गाव धरायचं, तिथे खोली भाड्याने घ्यायची, भाजी आणायची आणि एक दिवसाआड काहीतरी बघायचं. महिन्याचा खर्च त्या सात दिवसांच्या दीडपटच्या आत आला.

गुडघे दुखतात. ॲक्रोपोलिस चढवेल का?

चढवेल, पण घाई नको. चढ आपल्या येऊरच्या वाटेपेक्षा सोपा आहे, त्रास आहे तो दगडांचा. अडीच हजार वर्षांच्या पावलांनी संगमरवर असा गुळगुळीत झालाय की देवघराची फरशी वाटावी. प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांपाशी माझ्यासमोर एक तरणाताठा मुलगा सपशेल आडवा झाला. चामड्याच्या तळाच्या चपला, नव्या कोऱ्या सँडल बिलकूल नकोत, रबरी तळाचे जुने बूट घाला. चालता न येणाऱ्यांसाठी उत्तरेच्या कड्याला लिफ्ट आहे, पण आधी कळवावं लागतं.

तिकीट ३० युरो आहे, वेळ ठरवून ऑनलाइन घ्यायचं. सकाळी आठचं घ्या. पासष्टीच्या वरच्यांना हिवाळी मोसमात सवलत आहे असं वाचून हुरळू नका, ती युरोपीय संघातल्या नागरिकांना आहे. फुकट जायचं तर २८ ऑक्टोबरला जा, किंवा नोव्हेंबर ते मार्चमधल्या पहिल्या रविवारी. गर्दी मात्र पितृपक्ष संपल्यावरच्या जांभळी नाक्याइतकी.

वर गेल्यावर पार्थेनॉन बघताना एक लक्षात असू द्या. इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये पुरं झालेलं हे देऊळ दोन हजारांहून जास्त वर्षं बरंचसं शाबूत उभं होतं. आधी देऊळ, मग चर्च, मग मशीद. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांतली बरीचशी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून उतरवून लंडनला नेली. पायथ्याच्या संग्रहालयात ग्रीकांनी त्या शिल्पपट्ट्या क्रमाने मांडल्यात, आणि लंडनला गेलेल्यांच्या जागी पांढऱ्याफटक प्लॅस्टरच्या प्रतिकृती लावल्यात. मूळ दगड मधाच्या रंगाचा, प्रतिकृती चुन्यासारख्या. कुणी काही सांगायला नको. लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तीही उसनीच, त्यामुळे त्या प्रतिकृती बघताना आमचे हे बराच वेळ गप्प होते.

मग महिनाभर राहिलात कुठे?

पहिले सहा दिवस अथेन्स आणि नंतर सगळा मुक्काम नाफ्प्लिओला. अथेन्सहून बसने दोन-अडीच तास. नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण १८३४ पर्यंत स्वतंत्र ग्रीसची राजधानी हीच होती. समुद्रकाठचं गाव, बंदरासमोर पाण्यात छोटा किल्ला, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची आठवण यावी असा. डोक्यावर पालामिडी किल्ला. त्याला ९९९ पायऱ्या आहेत असं सगळे सांगतात, आम्ही मोजल्या नाहीत, टॅक्सीने मागच्या रस्त्याने गेलो. गावातल्या एका चर्चच्या दाराशी भिंतीतली गोळीची खूण काचेखाली जपून ठेवलीय. देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याला १८३१ मध्ये तिथेच मारलं. येता-जाता म्हाताऱ्या बायका त्या काचेकडे न बघता आत जातात.

इथे राहण्याचा फायदा असा की दोन मोठी ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. पहिलं मायसिनी, जुन्या राजांचं तटबंदीचं ठिकाण. सिंहद्वारातून आत शिरताना वरच्या दोन सिंहिणी तेहतीसेक शतकांपासून तशाच उभ्या आहेत, डोकी मात्र गेलेली. १८७६ मध्ये श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याला इथे सोन्याचा मुखवटा सापडला आणि त्याने तो ट्रॉयच्या युद्धातल्या अगामेम्नॉन राजाचा ठरवून टाकला. प्रत्यक्षात मुखवटा त्या युद्धाच्या मानलेल्या काळाच्या तीनेक शतकं आधीचा. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. (मूळ मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मायसिनीत शोधत बसू नका.)

दुसरं एपिडॉरस. आरोग्यदेव ॲस्क्लेपिओसचं हे क्षेत्र. रोगी इथे येऊन रात्री झोपत, स्वप्नात देव येऊन इलाज सांगे अशी श्रद्धा. शेजारी चौदा हजार माणसं बसतील एवढं दगडी नाट्यगृह आहे. ह्यांना गुडघ्यामुळे खाली मध्यभागी उभं केलं आणि मी पंचावन्नाव्या ओळीपर्यंत चढले. खालून नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘अगं, पाण्याची बाटली तुझ्याकडे आहे का?’ मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी तिथूनच ‘हो’ म्हटलं, ते काही ह्यांना ऐकू गेलं नाही. घरातही साधारण असंच असतं.

सँटोरिनीला गेलाच नाहीत?

टूरमध्ये गेलो होतो. फोटो फार सुंदर येतात. पण कड्याच्या कडेची गावं म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि सूर्यास्ताला डोंबिवलीच्या पुलावरची संध्याकाळ. तिथे जायचंच तर अक्रोटिरीसाठी जा. इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं हे गाव १९६७ पासून खणून काढताहेत. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याची व्यवस्था, धान्याचे रांजण. वर छप्पर असल्याने ऊनही लागत नाही. गुडघेवाल्यांनी बेट बघायचंच असेल तर पिरिअस बंदराहून तासाभरावर एजिना आहे. तिथे अफायाचं देऊळ बघा, पिस्ते खा आणि संध्याकाळी परत या.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार बरं. एक शब्द पाठ करा: ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाचं. त्यांच्या ईस्टरपूर्व उपवासात मांस, अंडी, दूधदुभतं चालत नाही, त्यामुळे घराघरांत बिनमांसाच्या भाज्या-उसळी मुरलेल्या आहेत. मात्र जपून: ज्या प्राण्यात रक्त दिसत नाही तो त्यांच्या उपवासाला चालतो, म्हणजे कोळंबी आणि ऑक्टोपस! म्हणून सोबत ‘होर्तोफागोस’ म्हणजे शाकाहारी असंही सांगा.

फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. पहिल्या घासाला मी हिंग शोधला. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले वालासारखे मोठे दाणे. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू. दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, दिसायला अळूवडीचा उंडा, चवीला आंबट. सकाळी रस्त्यावर तीळ लावलेलं कडं मिळतं, कुलुरी; चहाबरोबर झकास. चहा मात्र स्वतःचा न्या. महिन्याला अर्धा किलो आणि आलं-वेलदोड्याची पूड.

तूरडाळ संपली तर अथेन्सच्या ओमोनिया चौकाजवळच्या मेनांद्रू रस्त्यावर आपल्याकडची दुकानं आहेत.

भाषेचं काय? इंग्रजी चालतं का?

चालतं, पण एक गोंधळ ठरलेला. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. दुकानदार मान डोलावत ‘ने ने’ म्हणतो आणि आपल्या कानाला ‘नै नै’ ऐकू येतं. पहिल्या दिवशी मी चांगला ताजा पाव तिथेच ठेवून परत आले. नाहीला ते ‘ओही’ म्हणतात, किंवा बोलतच नाहीत: भुवया वर आणि जिभेने ‘च्यक्’. ते मात्र थेट आपल्या आजीचं.

अक्षरांना घाबरू नका. पाय, थीटा, सिग्मा शाळेत झालेत. आणि त्यांचे शब्द आपण न कळत रोज वापरतोच. ‘केंद्र’ त्यांच्या ‘केंत्रॉन’वरून आलं, ज्योतिषातला ‘होरा’ त्यांचा, ‘दाम’ म्हणजे त्यांचा द्राख्मा, आणि किल्ल्याचा बुरूज उडवणारा ‘सुरुंग’ही ग्रीक ‘सिरिंक्स’मधून संस्कृतात आला असं मानतात.

पैसे कसे न्यावेत? यूपीआय?

यूपीआयवर विसंबू नका. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. आम्ही युरो भरलेलं एक फॉरेक्स कार्ड आणि दोघांत मिळून ४०० युरो रोख ठेवले. देयकाच्या वेळी यंत्र ‘रुपयांत की युरोत’ विचारतं, युरोच निवडा. रुपये निवडले की वाईट दर लागतो. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, लागेल. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तो तुमच्या नावावर जमा झालाय का ते तपासा. बँकेत असताना हा परतावा मागायलाच विसरलेले किती तरी ज्येष्ठ बघितले.

औषधं आणि मेडिक्लेम?

इथला मेडिक्लेम साधारणपणे भारताबाहेर लागू नसतो. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा पहिल्यांदा नाकारतात. गोळ्या मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, निम्म्या हातातल्या पिशवीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेऊ नका, तिथे त्यावर कडक नियम आहेत. अडीनडीला ११२.

एक विचारू का... बाथरूममध्ये जेट असतो का?

नसतो. (हा प्रश्न सगळे विचारतात, पण आवाज खाली करून.) शिवाय नळ्या अरुंद असल्याने कागदही भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. एक छोटी पिचकारीची बाटली न्या.

चोऱ्या होतात का?

अथेन्सच्या मेट्रोत पाकीटमार आहेत. विमानतळाच्या मार्गावर आणि मोनास्तिराकी स्थानकात जास्त. सकाळी ८.२३ ची ठाणे लोकल केलेल्या माणसाला वेगळं प्रशिक्षण नको. बाकी रात्री दहाला आम्ही दोघं बिनधास्त फिरायचो.

आणि मेट्रोचा विषय निघालाच आहे, तर सिंतग्मा स्थानकात थांबा. खोदकामात सापडलेल्या कबरी, भांडी, पाण्याचे नळ तिथेच काचेमागे मांडलेत. थेस्सालोनिकी शहरातल्या मेट्रोचं काम तर २००६ मध्ये सुरू झालं आणि ती धावली नोव्हेंबर २०२४ मध्ये, एक कारण म्हणजे जमिनीत जुना रस्ताच्या रस्ता निघाला. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं पत्र्यांच्या आडून चालणाऱ्यांना एवढंच सांगेन की आपल्याकडे निदान खणताना काही सापडलं, हे तरी कारण नाही.

इतकं आवडलं तर कायमचंच का नाही जात?

हा प्रश्न मुलगा पण विचारतो. आकडे सांगते, मग ठरवा.

काम न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याला महिना ३,५०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, जोडीदारासाठी वर २० टक्के. युरो शंभर रुपयांचा धरला तरी दोघांना ४ लाख २० हजार, दर महिन्याला. इतकी पेन्शन आमच्या कट्ट्यावर कुणाचीच नाही.

दुसरा मार्ग घर विकत घेण्याचा, ज्याला गोल्डन व्हिसा म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्स, थेस्सालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि मोठ्या बेटांवर किमान ८ लाख युरो, इतरत्र ४ लाख. ते घर पर्यटकांना थोड्या दिवसांच्या भाड्याने देता येत नाही, त्यामुळे ‘भाड्यातून निघून जाईल’ हे गणित संपलं. आपल्याकडून माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे पाचपाखाडीतली जागा विकून पैसे हातात असले तरी नवरा-बायकोला ८ लाख युरो पाठवायला दोन आर्थिक वर्षं लागतील. एजंट हे शेवटी सांगतात.

करात सवलत खरोखर चांगली आहे. बाहेरच्या देशातून पेन्शन घेणारा माणूस तिथला कर-रहिवासी झाला, तर परदेशी उत्पन्नावर सरसकट ७ टक्के, १५ वर्षांपर्यंत. पण कर वाचवायला माणूस सत्तरीत देश बदलत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करा, मेडिक्लेमचं पुढे काय ते बघा, सोसायटीच्या सभेला कुणाला तरी मुखत्यार नेमा. आणि हिवाळ्यात लहान गाव रिकामं होतं. ऑक्टोबराच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली दोन खानावळी बंद झाल्या, आणि समोरच्या आजी, ज्या रोज बाल्कनीतून ‘कालिमेरा’ म्हणायच्या, मुलीकडे अथेन्सला निघून गेल्या. त्या संध्याकाळी समुद्र तसाच होता, पण आम्ही कॅलेंडर काढून दिवस मोजायला लागलो.

म्हणून आमचं उत्तर: दर दोन वर्षांनी एक महिना. ९० दिवसांची मर्यादा कुणाला कमी वाटत असेल, आम्हाला ती जास्तच आहे.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला?

त्याच्या आत परतलो. पण अडकलात तरी जीवन प्रमाण आता फोनवर चेहरा दाखवून होतं. जाण्याआधी एकदा घरी करून बघा, आमच्या ह्यांचा चेहरा चष्म्यासकट ओळखायला तो फोन तीन दिवस तयार नव्हता.

येताना काय आणावं?

एजिनाचे पिस्ते, रानातला ओरेगॅनो, ऑलिव्हचं तेल (डब्यातलं, बाटली नको). मोनास्तिराकीतली चुंबकं आणि संगमरवरी देव-देवता कोकणातल्या बाप्पाच्या शेजारी उगाच अवघडून बसतात. आम्ही दोन किलो पिस्ते आणले होते. कट्ट्यावर पहिल्याच सकाळी संपले. त्यामुळे आता कुणी मागू नये.